निरोप न नेणाऱ्या अक्का

अक्कांकडे दिलेला निरोप कधी पोचत नसे. बिदरमधल्या मैलूर भागातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी लोक सवयीनं सांगून बसत. "अक्का, माझ्या भावाला म्हणावं, मी रागावले न्हाई." अक्का ऐकून घ्यायच्या, थापलेली भाकरी तव्यावर टाकायच्या आणि विचारायच्या, "कामून? तुझ्या तोंडाला काय झालंय? जा, तूच सांग." समोरची खट्टू होऊन उठायची. पण बहुतेक वेळा घरी न जाता सरळ भावाकडेच जायची.

लग्न होऊन मी मेहकरहून बिदरला आले, तेव्हा आम्ही अक्कांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझा नवरा संतोष एका कारखान्यात कामाला होता. अक्कांचे यजमान कधीच वारले होते आणि एकुलता मुलगा गुरुनाथ पुण्याला नोकरीत होता. त्या घरीच ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून खानावळींना, लग्नघरांना द्यायच्या. घरात कानडी, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी दखनी उर्दू. तिन्ही भाषांत आवाज सारखाच मोठा.

"एवढासा निरोप नेला तर काय बिघडतंय, अक्का?" असं मी एकदा विचारलं होतं.

"लई नेले बाई मी," त्या म्हणाल्या. "माझी सासू आन माझे यजमान, मायलेक असून बोलत नव्हते. मधी मी. ती म्हणायची, 'त्याला जेवायला बोलीव.' माझं डोकं फिरलेलं असलं की मी जाऊन म्हणायची, 'जेवा म्हनं.' तेवढ्यानं त्यांना राग यायचा. निरोपात नेणाऱ्याचं थोडं मिसळतंच." सासू शेवटची आजारी असताना यजमान तिच्या उशाशी बसून असायचे, पण दोघांची बोलायची सवयच गेली होती. हे सांगून अक्कांनी पुढचा गोळा थापायला घेतला. मग मला म्हणाल्या, "ती भाकरी उलट, करपायलीय."

पुढच्या वर्षी मला दिवस गेले, आणि ते मूल राहिलं नाही. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा संतोष कामावर होता. अक्कांनीच रिक्षा बोलावून मला दवाखान्यात नेलं. घरी परतल्यावर आम्हा दोघांचं बोलणं डबा, पाणी आणि गॅसच्या टाकीपुरतं उरलं. गावाकडून, दुबलगुंडीहून, सासूबाई फोनवर म्हणाल्या, "काहीतरी जड उचलली असशील." मी पाण्याच्या बादल्या उचलल्या होत्याच. संतोषच्याही मनात तेच असणार, असं मी धरून चालले. तो कामावरून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

एका दुपारी मी अक्कांना म्हणाले, "त्यांना सांगा ना, मी मुद्दाम काही केलं न्हाई म्हणून."

अक्कांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, या वेळी तरी जातील. पण त्या म्हणाल्या, "दुसरं काईबी नेईन येकवेळ. हे मातर मी नेणार न्हाई."

मला त्यांचा फार राग आला. नंतर बरेच दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही.

हिवाळा होता. सुट्टीच्या दिवशी सकाळी अक्का तुरीच्या ओल्या शेंगांचं गाठोडं घेऊन आल्या आणि आमच्या गच्चीवर ओतून म्हणाल्या, "संतोष, आज घरी हायस न्हवं? दोघं मिळून सोला. मला पाहुण्याकडं जायचंय." आणि गेल्याच.

आम्ही समोरासमोर बसलो. बराच वेळ फक्त शेंगा फुटत होत्या. मग मान खाली घालूनच संतोष म्हणाला, "त्या दिवशी मी कामाला जायला नको होतं."

"म्हणजे?"

"सकाळीच म्हणली होतीस, दुखायलंय म्हणून. तरी मी गेलो. त्याच्यामुळंच तू बोलंना झालीस, कळतंय मला."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मी कुठं तुमच्यावर रागावले? मला वाटलं, तुमीच मनात धरून हायेत. मी बादल्या उचलल्या म्हणून."

"बादल्या?" त्यानं वर पाहिलं. "डॉक्टरीणबाई तर म्हणल्या, ह्यात कुणाचंच चुकलं न्हाई. हे असं कधी कधी होतं. तुला बोलल्या न्हाईत?"

"न्हाई. मला कुणीच काही बोललं न्हाई."

मला ते कळलंय असंच तो इतके दिवस समजून होता. मी तिथेच रडायला लागले, आणि थोड्या वेळानं तोही. त्या बाळासाठी आम्ही दोघं एकत्र असे पहिल्यांदाच रडलो. रडणं ओसरलं, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि आम्हाला सडकून भूक लागली होती. संध्याकाळी अक्का परतल्या. तसाच पडलेला ढीग त्यांनी पाहिला, आमचे चेहरे पाहिले, आणि काही न विचारता सोलायला बसल्या.

संतोषही त्यांच्याकडे गेला होता, हे मला फार उशिरा त्याच्याकडूनच कळलं. 'तिला सांगा, मला माफ कर म्हणावं,' असं तो त्यांना म्हणाला होता. दोघांचंही मन माहीत असून त्या गप्प राहिल्या होत्या. त्यांच्या एका वाक्यानं सगळं सुटलं असतं, असं मला कधी वाटतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकलं असतं, तर 'समजूत काढायल्यात' म्हणून मी सोडूनही दिलं असतं. माझं रडणं रोज भिंतीपलीकडून ऐकून गप्प राहणं त्यांना सोपं गेलं नसणार.

पुढे संतोषला कलबुर्गीला नोकरी मिळाली, आम्हाला मुलगी झाली. गेल्या वर्षी अक्का तपासणीसाठी आमच्याकडे येऊन राहिल्या. गळ्याला गाठ आली होती. गुरुनाथला त्यांनी कळवलंच नव्हतं. रिपोर्ट यायच्या आदल्या दुपारी त्या फोन हातात धरून बसून होत्या. "आपल्या लेकराला कसं सांगावं गं, भ्या वाटायलंय म्हणून?" त्यांनी मला विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी नुसती शेजारी बसले. अखेर त्यांनी नंबर लावला आणि कानडीत लेकाला म्हणाल्या, गुरू, मला भीती वाटते, तू ये.

तो सकाळी दारात हजर होता. गाठ साधी निघाली. तरी अक्कांनी डॉक्टरांकडून तेच उत्तर कानडी, मराठी आणि दखनीत वदवून घेतलं, आणि मगच बाहेर येऊन चहा मागितला.

दोन दिवसांनी गुरुनाथ त्यांना बिदरला घेऊन निघाला. आम्ही बसस्टँडवर पोचवायला गेलो. लेकीला उचलून मी खिडकीखाली उभी राहिले. आत मायलेकांचं काहीतरी जोरात चाललं होतं; अक्का हातवारे करत होत्या आणि गुरुनाथ हसत होता. बस हलली, वळली, फाटकातून बाहेर पडली. आमच्याकडे बघायची त्यांना आठवणच झाली नाही.