खोलीत कोणी नाही

आजारी माणसाची सेवा करायचं काम सरिता मेश्राम कुठं जाऊन शिकली नव्हती. तिची सासू बायजाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं हिनंच केलं. सासू गेली तेव्हा तिच्या पाठीवर पडून पडून होते तशी एकही जखम नव्हती. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या बायका हे एकमेकींना सांगू लागल्या आणि सांगता सांगता सरिताला कामाची घरं मिळू लागली.

त्यातलं एक मानेवाडा रोडवरचं, प्रयागबाईंचं. म्हातारी मूळची पारशिवनीकडची. लकव्यानं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. उरला होता एकच शब्द, ‘आन’. पाणी हवं तरी ‘आन’, मान अवघडली तरी ‘आन’, आनंद झाला तरी ‘आन’. कुठला ‘आन’ कशासाठी, हे सरिताला आवाजावरून कळायचं.

प्रयागबाईंचा मुलगा ऋषिकेश पुण्यात असायचा. त्यानं घरात पांढऱ्या डब्या बसवून घेतल्या होत्या. गॅसजवळ एक, आईच्या खोलीत एक. खोलीत कोणी हललं की डबीतला तांबडा दिवा लुकलुकायचा आणि तिकडे त्याच्या मोबाइलवर नोंद व्हायची. कॅमेरा मात्र त्यानं लावला नाही. “आईला तुम्ही अंघोळ घालता, कपडे बदलता. ते कोणी बघायला नको,” तो म्हणाला होता. माणूस भला आहे, असं सरिताला तेव्हाच वाटलं होतं.

हिवाळा चांगला गेला. मग ऊन तापायला लागलं. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर सरळ स्लॅब. कूलरच्या ओल्या हवेनं प्रयागबाईंची छाती भरून यायची, म्हणून डॉक्टरांनी कूलर बंदच ठेवायला सांगितला होता. पंख्याखाली बसून, ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसत सरिता दुपार काढायची.

एक दिवस ऋषिकेशचा फोन आला. “सरिताताई, दुपारी कुठे गेला होता?”

“कुठं नाही जी. आजीपाशीच होती मी.”

“मोबाइलवर तर दिसतंय, खोलीत कोणी नाही.”

“असं कसं कोणी नाही? आजी तर आहे ना खोलीत!”

“आईला हलता येत नाही, म्हणून तिचं दाखवत नसेल. तुम्ही तर हलता ना?”

ऋषिकेशनं डबी तपासायला माणूस पाठवला. तो सकाळी सकाळी आला, डबीसमोर हात हलवला, दिवा लागला. “एकदम बढिया चालू आहे,” असं फोनवर सांगून तो निघून गेला. त्यानंतर तर तिच्या बोलण्याला काही वजनच उरलं नाही.

दुपार झाली की पुन्हा तेच. सरिता आता डबीसमोर उभी राहायची, दोन्ही हात हलवायची, घामानं निथळत खोलीभर फिरायची. दिवा काही लागायचा नाही. तिची ही कवायत बघून प्रयागबाई अर्ध्या तोंडानं हसायच्या. सरिताही हसायची, पण आतून तिचा धीर सुटत होता. मले झोप लागून राहिली काय? बसल्या बसल्या डोळा लागत असंल आणि मलेच समजत नसंल? स्वतःवरचा विश्वास असा हळूहळू गेला.

शेवटी ऋषिकेशच्या संयमाचा बांध फुटला. फोन स्पीकरवर होता. “आईला एकटं टाकून जाता आणि वर खोटं बोलता?”

“आन! आन!” प्रयागबाई पलंगावरून ओरडू लागल्या. डावा हात चादरीवर आपटू लागल्या. असा ‘आन’ सरितानं कधी ऐकला नव्हता.

“आईला भूक लागलीय,” ऋषिकेश म्हणाला. “तेवढं खाऊ घाला आणि उद्यापासून येऊ नका.”

तिनं मऊ भात भरवला. प्रयागबाईंनी गिळला नाही. ऋषिकेशनं दुसऱ्या दिवसापासून दामिनी नावाची पोरगी ठरवली होती; जाताना तिचा नंबर मागून घेऊन सरितानं तिला फोनवर बजावलं, “कूलर लावू नको वं, पोरी.”

“हो, काकू,” दामिनी म्हणाली.

पण नागपूरच्या मे महिन्यात, त्या स्लॅबखाली, कूलरशिवाय कोण बसणार?

प्रयागबाई गेल्याचं सरिताला त्यांच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या दिपालीकडून कळलं, तेही सगळं उरकल्यावर. छाती भरली, न्यूमोनिया झाला, दवाखान्यातच गेल्या. सरिताला कोणी कळवलं नव्हतं. आजीचं शेवटचं तोंडही तिला पाहायला मिळालं नाही.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी ऋषिकेश इंदोऱ्यात तिचं घर विचारत आला. खुर्चीवर टेकला, पाण्याचा ग्लास हातात धरून बसला.

“काल दुपारी आईच्या खोलीत बसलो होतो,” तो म्हणाला. “कूलर बंद होता. सहज मोबाइल बघितला, तर खोलीत कोणी नाही. उठलो, फिरलो, हात हलवले. काहीच नाही. कूलर लावला, खोली गार झाली, तशी डबी लुकलुकायला लागली. मग शोधून वाचलं. ती अंगाच्या उष्णतेवरून माणूस ओळखते. भिंतीच अंगाएवढ्या तापल्या तर तिला माणूस दिसत नाही.”

“म्हणजे मी झोपत नव्हती,” सरिता म्हणाली. इतके दिवस मनात घोळवलेलं सगळं बोलणं राहून गेलं आणि हे एवढंच बाहेर आलं.

“नाही. तुम्ही तिथेच होता.” तो खाली बघत राहिला. “दामिनी आल्यावर दुपारभर नोंदी येत होत्या. मला वाटलं, आता आईकडे लक्ष आहे.”

त्या नोंदी कूलरमुळं येत होत्या, हे आता दोघांनाही कळत होतं.

“एखाद दिवस यायचं होतं जी तुमी,” सरिता हळूच म्हणाली. “दुपारी. आजीपाशी बसाले.”

ऋषिकेशला रडू फुटलं. तिला त्याची दया आली, आणि दया येते म्हणून स्वतःचाच राग आला. “पाणी घ्या,” ती म्हणाली. त्यानं माफी मागितली. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत त्याला सोडायला मात्र गेली.

पुढच्या महिन्यात प्रतापनगरातल्या एका घरून तिला फोन आला. त्यांचीही म्हातारी अंथरुणाला खिळलेली. सरितानं सगळं विचारलं. खाते काय, झोप लागते काय, बोलते काय. समोरची बाई सांगत राहिली, ही ऐकत राहिली. मग म्हणाली, “मले नाही जमणार. तब्येत बरी नाही.”

तब्येत तशी बरी होती.