आमच्या गेममधली वीज

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

बावधनच्या ऑफिसात मी व्हिडिओ गेमचे आवाज बनवते. नव्या गेममधलं वादळ मी आमच्या ताम्हिणीसारखं केलं होतं. आधी डोंगरावर वीज चमकते, मग जरा वेळानं कडकडाट होतो. लहानपणी तेवढ्या वेळात आई आम्हाला ओरडायची, "आत पळा आधी, हुबं काय ऱ्हायलाय!"

आज टेस्टिंगवाल्यांनी तक्रार केली, म्हणे आवाज उशिरा येतो. आमचा टीम लीड म्हणाला, "दोन्ही एकदम कर."

मी म्हटलं, "अरे, दोन्ही एकदम होतात ते वीज डोक्यावर पडते तेव्हाच!"

"खेळणाऱ्याला काय कळतंय?"

केलं एकदम. नोकरी आहे शेवटी.

आता तुम्हीच सांगा, आमच्या गेममध्ये आई असती, तर तिनं "आत पळा" म्हणायचं तरी कधी?