बीव्हरला सनमायका

मी जिवंत बीव्हर अजूनही पाहिलेला नाही. पण दोन मेलेल्या बीव्हरांनी एका दुपारात माझी इंजिनियरिंगची डिग्री जवळजवळ परत घेतली होती.

ज्यांना बीव्हर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. (त्र्याण्णव सालापर्यंत मलाही माहीत नव्हता.) हा पाण्यात राहणारा, जाड फरचा, चपट्या शेपटीचा, चांगल्या पोसलेल्या कुत्र्याएवढा उंदराचा नातेवाईक. दातांनी झाडं पाडतो, ओढत नेतो आणि ओढ्यावर धरण बांधतो. म्हणजे सिव्हिल इंजिनियर. मी मेकॅनिकल. आमचं पटणार नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं!

आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. ओळख झाल्यावर पाच मिनिटांच्या आत मी हे सांगतो, आणि सांगायची मला अजिबात लाज वाटत नाही. वडील अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचे. मी बी. ई. झालो, नोकरीला लागलो आणि त्या नोकरीनं मला मिशिगनला आणून टाकलं, ॲन आर्बरपासून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात. तिथे मी, माझी बायको सुनंदा आणि शेजारी डेल व कॅरल हे सत्तरीचं जोडपं. डेल रिटायर झालेला होता आणि हिवाळ्यात रीतसर परवाना काढून बीव्हरसाठी सापळे लावायचा.

पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फावरून घसरून तीनदा रस्त्याकडेच्या चरात गेली. तिन्ही वेळा डेलनं ट्रक आणून, साखळी लावून ओढून काढली. तिसऱ्या वेळी म्हणाला, "पॉल, साखळी गाडीलाच राहू दे. उगाच सोडा-बांधा कशाला?" (माझं नाव प्रल्हाद. पण तीनदा चरातून काढणाऱ्या माणसानं पॉल म्हटलं तर आपण पॉल असतो.)

पुढच्या हिवाळ्यात परतफेडीची संधी आली. डेल अंगणात घसरून पडला आणि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मी भेटायला गेलो तर हातापेक्षा दुसरंच दुःख चाललेलं.

"माझ्या फळ्या जाळल्या हिनं!" डेल कॅरलकडे बोट दाखवून म्हणाला.

"दोन दिवस वीज नव्हती," कॅरल म्हणाली. "तुला गोठलेला नवरा म्हणून पुरायचं होतं का मी?"

भानगड अशी होती. बीव्हरचं कातडं ओलं असताना एका फळीवर गोल ताणून, कडेनं खिळे मारून वाळवावं लागतं. नाहीतर ते आक्रसतं आणि वाया जातं. डेलच्या त्या खास फळ्या कॅरलनं फायरप्लेसमध्ये घातल्या होत्या. दोन कातडी साफ करून, गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलेली होती, आणि फर विकत घेणारा माणूस पुढच्या शनिवारी येणार होता. वर्षातून एकदाच यायचा. आणि दोघांपैकी एक कातडं इतकं मोठं होतं की डेलच्या चाळीस वर्षांच्या सापळेगिरीत तसं मिळालं नव्हतं. ते त्या माणसाला दाखवायचं, एवढी एकच इच्छा म्हाताऱ्याची होती.

"या हातानं करवत धरता येत नाही," डेल म्हणाला.

"डेल," मी उभा राहिलो. (बसून म्हणण्यासारखं ते वाक्य नव्हतं.) "मी इंजिनियर आहे."

डेलनं डाव्या हातानं एका पाकिटाच्या मागे आकृती काढून दिली. चौकोन, त्यात एकात एक तीन अंडी. "साधं प्लाय घे," तो म्हणाला. "फक्त साधं प्लाय."

हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं होतं. मला अजून आठवतं.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे मेलेल्या जनावराला ताणायची फळी?"

"हो."

"रोज सकाळी पंचशील म्हणता ना?"

"मी कुठं मारतोय? मी फक्त फळी करतोय!"

"वा! वकील व्हायचं सोडून इंजिनियर कशाला झालात?"

पण डेलचं नाव निघालं तसं तिनंही लाटणं खाली ठेवलं. चरात गेलेल्या गाडीत तिन्ही वेळा तीही बसलेली होती.

मी कामाला लागलो. पाकिटामागच्या अंड्यांवर माझा विश्वास नव्हता. ऑफिसात लंच टाइममध्ये कॉम्प्युटरवर तीन शुद्ध लंबवर्तुळं काढली, मापं टाकली, खाली माझं नाव, तारीख आणि 'ड्रॉइंग नंबर एक' असं लिहिलं. माझ्या मॅनेजरनं प्रिंटरवरून कागद उचलला.

"हे कुठल्या गिअरबॉक्सचं?"

"बीव्हरचं."

त्यानं कागद परत ठेवला आणि पुढे आठवडाभर मला एकही नवीन काम दिलं नाही.

फर घेणारा यायच्या आठवडाभर आधी, शनिवारी सकाळी आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दोन चांगली प्लाय घेतली. दोन्ही कार्टवर ठेवल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला कसंतरीच वाटायला लागलं.

इथे थोडं समजून घ्या. आमच्या घरी पहिलं टेबल आलं ते मी इंजिनियरिंगला लागलो तेव्हा. वडिलांनी सुताराला मुद्दाम सांगून त्यावर सनमायका लावून घेतला होता. शेजारचे लोक यायचे, टेबलावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "गुळगुळीत आहे हो!" उघडं प्लाय म्हणजे अर्धवट काम, हे माझ्या रक्तात आहे. ज्या माणसानं मला तीनदा चरातून काढलं त्याला मी उघडं प्लाय देऊ?

"बरं दिसत नाही," मी म्हणालो.

"मीही तेच म्हणणार होते," सुनंदा म्हणाली. "वर काहीतरी लावू या. ओलं कातडं ठेवणार, डाग पडतील. सनमायका असला की फडकं मारलं, झालं!"

मग त्या दुकानात आमचं वीस मिनिटं भांडण झालं. सनमायका लावावा की नाही यावर नाही, रंगावर! मला सागवानी हवा होता. तिला पांढरा, सोनेरी ठिपक्यांचा.

दुकानदार मदतीला आला. "किचन करताय का?"

"नाही. बीव्हर."

"हो, हो," म्हणत तो मागे मागे सरकत गेला आणि पेंटच्या विभागात दिसेनासा झाला.

शेवटी सोनेरी ठिपके जिंकले. घरी गॅरेजमध्ये मी ते चिकटवले. आणि इथे माझं शिक्षण कामाला आलं! प्लायला एकाच बाजूनं सनमायका लावला तर फळी हळूहळू वाकते, हे अडाणी माणसाला माहीत नसतं. मला माहीत होतं. मी दोन्ही बाजूंनी लावला. कडा घासल्या, कडांना पॉलिश मारलं. पुठ्ठ्याचे साचे कापून काळ्या मार्करनं लंबवर्तुळं काढली. सुनंदानं हात फिरवून पाहिला.

"गुळगुळीत आहे हो!" ती म्हणाली. माझा ऊर भरून आला.

रविवारी दुपारी जेवून सुनंदा आडवी झाली आणि मी फळ्या घेऊन डेलच्या गॅरेजमध्ये पोचलो. माझ्या शब्दावर विसंबून त्यानं आदल्या दिवशीच दोन्ही कातडी फ्रीजरमधून काढून ठेवली होती. ती आता ओली, लिबलिबीत, तयार होती. डेलनं फळ्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग कॅरलला हाक मारली. तिनंही पाहिल्या.

"सुंदर आहेत," कॅरल म्हणाली.

"हं," डेल म्हणाला.

मोठं कातडं आम्ही फळीवर पसरलं, केस खाली, आतली बाजू वर. ते पसरल्याबरोबर घसरून खाली पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं! सोनेरी ठिपक्यांवरून ते असं सरकत होतं की जणू बीव्हरला अजून ओढ्यात परत जायची आशा होती. शेवटी कॅरलनं ते दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"नाकापाशी पहिला खिळा मार," डेल म्हणाला.

मी मारला. खिळा वाकला.

दुसरा वाकला. तिसरा उडून डेलच्या प्लास्टरवर टणकन आपटला.

"पॉल," डेल शांतपणे म्हणाला, "हा किचनचा ओटा आहे का?"

"वरून पुसायला सोपं जातं..." मी म्हणालो. माझा आवाज बारीक झाला होता.

"एका कातड्याला पन्नास-साठ खिळे लागतात. दोन-दोन बोटांच्या अंतरावर."

"मी ड्रिलनं भोकं पाडतो!" असं म्हणून मी घरून ड्रिल आणलं आणि मधल्या लंबवर्तुळाच्या रेषेवर, अचूक, दोन-दोन इंचांवर भोकं पाडत सुटलो. ड्रिल घसरून सनमायकावर ओरखडे पडत होते, तरी चाळीस भोकं झाली. मग आम्ही कातडं त्यावर ताणलं. ते माझ्या मधल्या रेषेहून मोठं आणि बाहेरच्या रेषेहून लहान निघालं. चाळीसच्या चाळीस भोकं त्याच्या पोटाखाली झाकली गेली!

"बीव्हरनं तुझं ड्रॉइंग पाहिलं नसेल," कॅरल म्हणाली.

"उलटी कर फळी," डेल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आशा चमकली. "मागची बाजू साधी असेल ना?"

मी हातोडी खाली ठेवली. कॅरलनं फळी उलटवली. सोनेरी ठिपके.

"दोन्ही बाजूंनी लावलं नाही तर वाकतं," मी म्हणालो. "शास्त्र आहे ते."

डेल स्टुलावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता त्या मोठ्या कातड्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "परत गोठवलं तर केस गळायला लागतात. असंच ठेवलं तर उद्या वास मारेल. दुकान तर बंद झालं असेल ना?"

झालं होतं. आमच्या खेड्यात रविवारी दुपारनंतर फक्त बार उघडा असायचा, आणि मला पहिल्यांदाच त्याची गरज समजत होती.

साधं प्लाय. संपूर्ण गावात, या क्षणी, साधं, उघडं, मोठं प्लाय कुणाकडे असेल? आणि मला एकदम आठवलं. अमेरिकेतल्या मऊ गाद्यांनी माझी कंबर पार गेली होती. सगळ्या देशी लोकांसारखा मीही मग गादीखाली एक जाड प्लाय घातलं होतं. उघडं होतं. (गादीखाली कोण हात फिरवायला येतंय?)

मी बर्फातून पळत घरी गेलो. सुनंदा अजून दुपारची झोप घेत होती.

"ऊठ!"

"काय झालं? आग लागली का?"

"ऊठ जरा, बीव्हरला झोपायचंय!"

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत तिनं माझ्याकडे इतकं निरखून कधीच पाहिलं नव्हतं.

"अहो, तब्येत बरी आहे ना?"

"खिळा जात नाही! सनमायकात खिळाच जात नाही!"

ती उठून बसली. मग तोंडावर हात ठेवून हसायला लागली, इतकी की गादी तिच्यासकट जमिनीवर उतरवावी लागली. मग दोघांनी मिळून ते प्लाय बाहेर काढलं आणि बर्फाळ अंगणातून डेलच्या घरी नेलं, ती पुढे स्वेटर आणि गाऊनवर, मी मागे.

खिळा पहिल्याच ठोक्याला आत गेला. असा सुखाचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता! नाक, शेपूट, दोन्ही बाजू, मग अधलेमधले. रेषा नव्हत्याच. डेल खडूनं हवेत रेषा काढल्यासारखा हात फिरवायचा, "जरा इकडे, थोडं बाहेर," आणि मी ठोकायचो. ड्रॉइंग नंबर एक पायाखाली पडलं होतं आणि त्यावर बीव्हरची चरबी सांडली होती. सुनंदा दुरून पाहणार म्हणून आली होती, दहाव्या मिनिटाला ती कातडं ओढून धरत डेलला सांगत होती, "काका, तिकडून सैल आहे!" मराठीतून. डेललाही ते नीट कळत होतं. अंधार पडायच्या आत दोन्ही कातडी माझ्या पलंगावर, म्हणजे पलंगाच्या प्लायवर, टरटरीत ताणलेली होती.

त्या आठवड्यात मी गादी जमिनीवर टाकून झोपलो. कॅरलनं सनमायकाच्या फळ्या स्वयंपाकघरात नेल्या. त्यावर पीठ अजिबात चिकटत नाही म्हणे. चाळीस भोकांची फळी ती भट्टीतून काढलेले ॲपल पाय गार करायला वापरायची; वाफ खालून निघून जाते!

शनिवारी फरवाला आला. लांब दाढीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मोठ्या कातड्याभोवती एक चक्कर मारली, एका कडेचे खिळे काढून खालच्या केसांतून बोटं फिरवली, कड तपासली. डेलनं श्वास रोखला होता. मीही.

"डेल," तो शेवटी म्हणाला, "चाळीस वर्षांत तू मला दाखवलेलं हे सगळ्यात उत्तम कातडं. कुठे ओलं नाही, कुठे आक्रसलेलं नाही." मग तो वाकून खालच्या प्लायवर नखानं टिचकी मारून म्हणाला, "आणि ही फळी! लाकूड काय सुंदर सुकलंय, कणभर ओल नाही. कुणी केली?"

"माझ्या शेजाऱ्यानं," डेल छाती काढून म्हणाला. "इंजिनियर आहे तो."

फरवाल्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. "किती वेळ लागला हो बनवायला?"

"दीड वर्ष," मी म्हणालो. "पण त्यात मी बहुतेक झोपलेलोच होतो."