आईच्या अंगठ्याची दोरी

माझ्या धाकट्या भावाने, नारायणने, मला आणि आईला फसवलं. नंतर जे घडलं ते त्यामुळेच... भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी लोणखेड्याचा सरकीचा व्यापारी. पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याशिवाय माल घेत नाही.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. आमचा भाग धुळे जिल्ह्यातला. गोठ्यात घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं. सुरतेला ऑपरेशन झालं, खिळा बसवला. तिथे नारायण राहिला होता. घरी आणल्यावर तो म्हणाला, "दादा, डॉक्टरनी सांगितलंय, पाय तसूभरही हलता कामा नये."

झालं! आईच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना मी सरकीची पोती गच्च लावली. "हात लावाल तर खबरदार," असं सगळ्यांना बजावलं.

दुसऱ्या दुपारी पाहतो तर पोती खाली उतरवलेली! घरात सगळ्यांवर ओरडलो. पोती पुन्हा लावली आणि रोज दुपारी दाराबाहेर स्वतः बसू लागलो. खोलीला दुसरं दार नव्हतं. तरी रोज तेच. एकदा आतून आईचं हसू ऐकू आलं. दार ढकललं. पोती जमिनीवर, आणि आईची पावलं वर-खाली, वर-खाली...

"आई! काय चाललंय हे?"

"तुन्ही जमनामावशी उनी व्हती. पायना आंगठाले दोरी बांधस नि म्हनस, झोयी हालाव, पोऱ्या रडी ऱ्हायना."

"जमनामावशी आली होती? आणि कोणता पोऱ्या रडतोय?"

"तूच! तव्हयपाईन वरडीच ऱ्हायना."

तेव्हापासून मी ओरडतोच आहे म्हणे! मी तान्हा असताना, कापूस निवडायला बसलेल्या आईच्या अंगठ्याला मावशी माझ्या झोळीची दोरी बांधायची, हे खरं. पण मी शाळेत असतानाच मावशी वारली होती. आईचा हात तर गुडघ्याखाली पोचत नव्हता... आणि पायांच्या दोन्ही अंगठ्यांवर दोरीचा ताजा वळ होता!

पुढे सुरतेला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. "सूज नाही. छान! पावलं रोज हलवून घेतलीत ना?"

"तुम्हीच मनाई केली होती!"

"मी? तुमच्या भावाला बजावलं होतं, पावलं सारखी हलवायला लावा. निपचित पडल्या तर पोटरीत रक्ताची गुठळी होते. ती छातीत गेली की माणूस हातचा जातो."

म्हणजे पोती लावून मीच तिला... पण आई वाचली होती! मी तिथेच रडलो, सगळ्यांदेखत.

नारायण गावात सांगतो, "हलव म्हटलं असतं तर आई उठून गोठ्यात गेली असती, म्हणून लपवलं." माझ्यासमोर मात्र येत नाही. दोरी कुणी बांधली, मला आजही सांगता येत नाही. पण ती बांधलीच नसती तर काय झालं असतं, हे नारायणने सांगावं. आईसमोर उभं राहून सांगावं. ती आता काठी टेकत दारापर्यंत येते.