हाफ्तोमची मिशी

लेतायला मी कितीदा म्हटलं, बाई गं, कॉफी गच्चीवर भाज. ऐकेल तर शपथ. आसरा मागायला आलेल्यांसाठी सरकारनं समुद्रकाठचं हे बंद पडलेलं हॉटेल घेतलंय. जरा धूर झाला की घंटा वाजते आणि मॅनेजर साल्वो धावत येतो. "पुन्हा तूच?" म्हणायचा आणि तीन कप पिऊनच जायचा. आमच्याकडे तिसऱ्या कपाआधी पाहुणा उठत नाही, हे तोही शिकलाय. इतकी वर्षं आम्ही इथं पडून आहोत.

आम्ही दोघी तिग्रायच्या, एरिट्रियाच्या सीमेलगतच्या. तिचा एकुलता एक हाफ्तोम सुदानात मामाकडे. आसरा मंजूर झाला की ती त्याला आणू शकणार होती. फक्त तेव्हा तो अठराच्या आतला हवा. ती आली तेव्हा पोरगं बारा वर्षांचं. आम्हाला वाटलं, वेळ भरपूर आहे.

मुलाखतीत विचारलं, मुलगा कोणत्या सालचा? तिनं घरचं साल सांगितलं. आमचं साल इथल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं चालतं. दुभाषी एरिट्रियाचा, बोली आमचीच, पण साल त्यांचं इथल्यासारखं. त्यानं आकडा तसाच पुढं केला आणि पोरगं बसल्या जागी वीस वर्षांचं झालं. लहान आहे म्हणते आणि साल वीस वर्षांच्या बाप्याचं सांगते, म्हणजे बाई खोटारडी. सगळी केसच फेटाळली.

मग अपील. तारीख पडायची, पुढं जायची. मला चीड येते ती त्या दुभाष्याची नाही, असं ताटकळत ठेवण्याची येते. इकडे फोनवर हाफ्तोमचा आवाज फुटला, मग मिसरूड आलं.

"काढ ती मिशी. लहान राहा जरा," ती दटावायची.

"आई, ते काय माझ्या हातात आहे?"

"मग काय माझ्या?" दोघं हसायची.

या वसंतात वकीलबाई आल्या. साल दुरुस्त झालं होतं, आसराही मंजूर. लेतायनं कॉफी भाजली, घंटा वाजली, साल्वोही येऊन बसला. दुसऱ्या कपाला तिनं विचारलं, "मग हाफ्तोमला कधी आणायचं?"

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "लेताय, तो गेल्या महिन्यात अठराचा झाला."

तिसरा कप न ओतताच लेताय उठली.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. आसरा मिळाला एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. फोनच्या पडद्यावर ओठ गुळगुळीत, एका बाजूला वस्तऱ्यानं कापलेलं.

"आई, काढली बघ मिशी. आता कधी निघू?"



"जेवलास का रे?" एवढंच तिनं विचारलं.