बारसं न झालेलं दुखणं

माझ्या मित्राला काय झालंय, असं कुणी विचारलं की मी चिडतो. आधी चिडत नव्हतो, नीट सांगायचो. दुपारून ताप चढतो, सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी माणूस बाजेवरून उठत नाही. एवढं ऐकून समोरचा म्हणायचा, "म्हणजे नेमकं काय?" नेमकं कळलं असतं तर त्या दुष्काळात मी दोघांच्या जनावरांचं शेण कशाला काढत बसलो असतो?

आमच्या दोघांच्या शेतांत एक बांध. शाळेत एका बाकावर, पोहायला एका विहिरीत, आणि लग्नंही एकाच उन्हाळ्यात. दुष्काळाच्या आदल्या वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत त्याचं हे सुरू झालं. तालुक्याला झालं, जिल्ह्याला झालं, बसच्या खिडकीशी डोकं टेकवून पार लांबच्या मोठ्या शहरालाही जाऊन झालं. सगळीकडे रक्त काढलं, फोटो काढले आणि सगळीकडून कागद आले, नॉर्मल. आमच्या गावात नॉर्मल रिपोर्ट येण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. नॉर्मल म्हणजे ढोंग. त्याच्या चुलत्यानं पारावर सगळ्यांसमोर सांगितलं, "कामाच्या नावानं ताप येतोय त्याला." बायकांनी बाहेरचं आहे असं ठरवलं. सिरसाळ्याच्या बाजूला एक अंगारा देणारा होता, तिथंही आम्ही जाऊन आलो. अंगारेवालाही म्हणाला, काही दिसत नाही.

परतताना हा मोटारसायकलवर माझ्या मागं बसून हसत होता. म्हणाला, "टायफाईड म्हणलं की माणसं नारळपाणी घेऊन येतेत बे. माझ्या दुखण्याचं बारसंच व्हईना, तर लोकांनी हाक काय म्हणून मारायची?"

त्यानंतर आमचं ते ठरूनच गेलं. तो दवाखान्यातून आला की मी विचारायचो, "झालं का बारसं?" आणि तो पिशवीतले कागद दाखवत म्हणायचा, "पाळणा रिकामाच."

मग दुष्काळ पडला. विहिरीत तळाचे दगड दिसायला लागले तेव्हा गावच्या दूध सोसायटीनं तेलगावच्या रस्त्याला माळावर चारा छावणी काढली. बांबूवर हिरवी जाळी, खाली ओळीनं जनावरं बांधायच्या दावणी, टाक्यात टँकरचं पाणी आणि चाऱ्याला उसाचे तुकडे. प्रत्येक दावणीला नंबर. माझी सव्वीस, त्याची सत्तावीस. सकाळी सातला सोसायटीचा कारकून वही घेऊन यायचा आणि नंबर पुकारायचा. मालकानं जनावराच्या तोंडाशी उभं राहून दावं धरून हजर म्हणायचं. मालकाला अडचण असेल तर त्यानं आधी लिहून दिलेला एक बदली माणूस चाले, दुसरा कुणी नाही. माझ्या मित्रानं बदली म्हणून मला लिहून दिलं. मी त्याला. लिहिताना मोठी सोय केली असं वाटलं होतं.

त्याची बायको गावात टँकरच्या रांगेत आणि दोन लेकरांत अडकलेली. भाऊ-भावजय ऊस तोडायला पश्चिमेकडे गेलेले. म्हणून हा छावणीतच दावणीमागं बाज टाकून राहायला आला. त्याची एक बैलजोडी आणि एक गाय होती. बैल त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेले. चुलता म्हणे, विकून टाक, तुला कुठं औत धरायचंय? त्यावर तो एकदाच माझ्याशी बोलला. "हे गेले तर मी सकाळी कशासाठी उठू बे? पडूनच राहीन मग." हे त्यानं हसत सांगितलं नव्हतं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

तर मी दोन दावणी बघायला लागलो. दोन्हीकडचं शेण, दोन्हीकडचं पाणी, दोन्हीकडची हजेरी. त्याचा एक बैल इतका लाडावलेला की मानेखाली खाजवल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचा नाही. मी रोज शिव्या देत खाजवायचो. बरं असलं की हा स्वतः उठून सगळं करायचा, माझ्या जनावरांचंही. लोकांना तेवढंच दिसायचं. "काल तर टोपलं उचलत व्हता, आज काय झालं?" असं येता-जाता मला विचारायचे, जणू त्याचा ताप माझ्या खिशात ठेवला होता. पहिला महिना मी भांडलो. दुसऱ्या महिन्यात भांडण सोडलं. तिसऱ्या महिन्यात माझ्याही मनात यायला लागलं, की काल तर टोपलं उचलत होता.

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

एप्रिल सरता सरता माझ्या बायकोला माहेरी सिरसाळ्याला मुलगी झाली. आमचं पहिलं लेकरू. निरोप आला त्या दिवशी मी छावणीत हजर होतो, दुसरीकडे असणार कुठं? त्याचा तो आठवडा बरा चालला होता. तो म्हणाला, "बाराव्या दिशी बारसं. तू जा. दोन्ही दावणी माझ्याकडं. निदान एक तरी बारसं व्हऊ दे बे." मी तेलगावला जाऊन लेकीच्या पायात घालायला वाळे आणले. त्यानं ते कानाशी धरून वाजवून पाहिले.

मधल्या दिवसांत पलीकडच्या एका छावणीत नुसत्या कागदावरची जनावरं सापडली आणि वरून हुकूम आला. आधी तीन गैरहजेऱ्यांची सूट होती, ती बंद. सकाळच्या हजेरीनंतरही दिवसात केव्हाही तपासणीवाले येऊन नंबर पुकारणार, आणि एकदा गैरहजर, की दावण कटली, चारा बंद. तरी मला चिंता नव्हती. तो बरा होता.

बाराव्या दिवशी सकाळी मी दाढी करून, नवा सदरा घालून त्याला उठवायला गेलो. तो जागाच होता. तापानं फणफणलेला. दोन्ही हात छातीवर घेऊन, बोटं अर्धवट वळलेली. म्हणाला, "जरा थांब. उठतो." मी थांबलो. त्यानं एक पाय खाली टाकला, दुसरा टाकायला गेला आणि तोंड भिंतीकडे फिरवावं तसं जाळीकडे फिरवलं. "तू जा," म्हणाला. "मी करतो कायतरी." काय करणार होता? त्याला दावं धरता येत नव्हतं.

मी दोन दावणींच्या मधे जाऊन उभा राहिलो. मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, मर एकदाचा. तू सुटशील, मीही सुटेन. जनावरांना निदान दावं दिसत होतं. मला कशानं बांधलंय ते दाखवताही येत नव्हतं, कारण त्याला नावच नव्हतं.

कारकून आला. "सव्वीस?"

मी गप्प. सदऱ्याच्या खिशात वाळे वाजले.

"सत्तावीस?"

मी तरीही गप्प. म्हटलं, कटू दे. दोन्ही कटू दे. जनावरं बाजारात जाऊ दे आणि हाही जाऊ दे. कारकून माझ्याकडे बघून म्हणाला, "नवा सदरा घालून मुके झालेत व्हय? बोला की, मला फुडं जायचंय."

मागून बाजेवरून आवाज आला. "सव्वीस हजर हाय. समोर हुबा हाय की, दिसत न्हाई का तुमाला? लिहा."

कारकुनानं लिहिलं. "आन सत्तावीस?"

बाज करकरली. मग तो म्हणाला, "ते त्याला इचारा."

माझा हात त्या लाडावलेल्या बैलाच्या मानेखाली कधी गेला होता, मला कळलं नाही. रोजची सवय. बैलानं पाण्याला तोंड लावलं. मी म्हणालो, "हजर." कारकून अठ्ठावीसकडे गेला आणि मी सदरा काढून शेण काढायला लागलो. सिरसाळ्याला त्या वेळी पाळणा बांधत असतील.

संध्याकाळी उन्हं उतरताना मेव्हणा आला. डब्यात बारशाच्या घुगऱ्या घेऊन. नाव काय ठेवलं ते त्यानं सांगितलं, माझ्याकडे जरा रागानंच बघितलं, वाळे घेतले आणि गेला. मी डबा घेऊन बाजेवर बसलो. त्याचा ताप उतरला होता. त्यानं मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "सकाळी गप कावून बसलता?"

"तू मेलास तर बरं, असं वाटलं."

मी थोडं फिरवून बोलू शकलो असतो, पण त्या दिवशी माझ्यात तेवढं बळ नव्हतं. तो रागावला नाही. म्हणाला, "म्हाईत हाय. कान न्हाई दुखत माझे, समदं ऐकू येतं." मग म्हणाला, "मलाबी वाटतं तसं. लई वेळा वाटतं बे."

त्यानं डब्यात हात घातला. बोटांत घुगरी धरवेना, दोनदा निसटली. मी एक-एक उचलून त्याच्या तोंडात घातली. डबा संपेपर्यंत आम्ही दोघंही रडत होतो आणि खात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कारकून आला. मी दोन्ही हजेऱ्या दिल्या. मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाऊस पडून छावणी उठल्यावर. तोवर ती मान धरायला लागली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बैल म्हातारे होऊन त्याच्याच दारात गेले. दुखणं आहे तसं आहे. मी अजूनही कधी कधी त्याच्यावर तडकतो आणि अजूनही कधी कधी मला पळून जावंसं वाटतं. गेल्या महिन्यात त्याला नव्या डॉक्टरकडे नेलं. खिडकीवरच्या मुलीनं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "आजार काय?"

"बारसं व्हायचंय," मी म्हणालो. तिला कळलं नाही. तिनं तिथं एक रेघ ओढली.

"सोबत कोण?" मी माझं नाव सांगितलं.

"नातं काय?"

भाऊ म्हणावं तर आडनाव वेगळं. मित्र म्हटलं तर या मुली म्हणतात, घरचं कुणी नाही का? माझ्यामागं बाकावर तो डोळे मिटून बसला होता, वाकड्या बोटांचे हात मांडीवर ठेवून. डोळे न उघडताच म्हणाला, "शेजारची दावण. लिहा."