पट्टा काळाच!

मला राग आला की आधी कान तापत्यात, मग तोंड सुटतं, आन् डोकं सगळ्यात शेवटी येतं. कवा कवा येतच न्हाई. ह्या खेपेला तर लईच उशिरा आलं. भांडण कशावरनं? फिनलंडच्या एका लढाऊ विमानाच्या शेपटाजवळच्या पट्ट्यावरनं. आन् विमान केवढं? माझ्या तळहातावर बसंल एवढं.

कळंबला हायवेच्या कडंला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज हाय. शाळा मी चौथीत सोडली. म्हंजी मी सोडली असं मी सांगतो, गुरुजी येगळं सांगायचे. पण रंग मला कळतो. गाडीचं दार ठोकलं, पत्रा नवा बसला, तर जुन्या रंगाला नवा असा मिळवतो की मालक सोताच इचारतो, "कोणचं दार बदललं राव?" ह्याचा मला लई माज. त्यो नसता तर पुढलं काय बी झालं नसतं.

मंचर हाकंच्या अंतरावर असताना मी रंग आणायला ओतूरला का जातो, असं बायको सारखी इचारती. तर ओतूरच्या शेठमुळं. शेठ जैन, घराणं मूळचं राजस्थानचं, पण आज्यापासनं दुकान ओतूरलाच. मराठी माझ्यापेक्षा बरी बोलत्यात. त्यांना एक खूळ हाय, लहान विमानांचं. खोक्यात प्लास्टिकचे सुटे तुकडे येत्यात, ते चिकटवायचे, घासायचे, आन् खऱ्या विमानाला जो रंग व्हता तो हुबेहूब द्यायचा. शेठनी पहिलंच विमान चिकटवलं तवा पंखाला सोताचं बोट बी चिकटवलं. योगायोगानं मी दुकानात व्हतो. थिनर लावून सोडवलं. तवापासनं जोडी जमली. शेठ वाचणार, मी रंगवणार. दोघांचा मिळून एक शाना माणूस व्हायचा, आन् सुटं सुटं बघितलं तर दोघं बी अर्धे.

फिनलंडचं खोकं शेठनी पुण्यातनं आणलं. आधी कुणीतरी उघडलेलं. तुकडे सगळे, पण रंगांचा कागद गायब, चिन्हांचे स्टिकर गायब.

"फिनलंड कुठशी आलं?" मी इचारलं.

शेठनी मोबाईलवरच्या नकाशात पार वरती बोट ठेवलं. म्हणलं, "तिथं माणसं राहत्यात?"

"राहत्यात, आन् लढली बी. आता त्यांचे रंग आपण हुडकायचे."

मग आमी हुडकत बसलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की शेठ मोबाईलवर वाचायचे आन् मी शेड मिळवायचो. वरनं काळा आन् हिरवा, पोटाला फिकट निळसर. हिरव्यासाठी मी इतके डबे मिसळले की गॅरेजमधी एका पावण्याची पांढरी गाडी बोनेटच्या कोपऱ्यात हिरवी झाली. पंखावर पांढऱ्या गोलात निळा स्वस्तिक. मला जर्मनवाल्याचाच वाटला. शेठ म्हणाले, "ह्यांचा त्याच्या आधीपासनं हाय. सुरवातीला कुणीतरी ह्यांना विमान भेट दिलं, त्याच्यावर देणाऱ्यानं आपलं शुभचिन्ह काढलं व्हतं. तेच ह्यांनी ठेवलं."

"म्हंजी पूजा करूनच दिलं म्हणा की."

स्टिकर नव्हते, तवा सगळे स्वस्तिक मी बारीक ब्रशनं हातानं काढले. श्वास धरून. शेठनी भिंग लावलं, बघितलं, परत बघितलं.

"पेंटर, हे चार ठिपके फिनलंडवाल्यांनी कुठनं आणले?"

सगळ्या स्वस्तिकांत मी चार चार ठिपके दिले व्हते. आजवर जेवढे नवे ट्रॅक्टर आन् टेम्पो माझ्या दारात पूजेला आले, तेवढ्या बोनेटवर मीच स्वस्तिक काढलेत. हाताला सवय, हात मला इचारतोय व्हय? शेठ हसून हसून गल्ल्यावर पडले. मी ते ठिपके सुईनं खरवडले आन् सोताच्या हाताला नको त्या शिव्या दिल्या.

पण त्यो राग गोड व्हता. खरा राग पुढं आला, पट्ट्याला.

ह्याच विमानाचा एक जुना काळा-पांढरा फोटो शेठला घावला व्हता. बर्फात उभं विमान, आन् शेपटाच्या पुढं अंगाला एक दाट काळा पट्टा. मी काळा रंग काढला. शेठ म्हणाले, "थांब. पट्टा पिवळा."

"काळा हाय की. दिसतोय."

"पिवळाच. पंखाची टोकं बी खालनं पिवळी. आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडू नये म्हणून वळखीला."

"शेठ, वरनं हिरवं-काळं कशाला केलं? दिसू नये म्हणून. आन् त्याला पिवळा पट्टा? बिबट्याच्या उसात शेळीच्या गळ्यात घंटा बांधून सोडायची का?"

दुकानात गिऱ्हाइकं व्हती, ती हसली. लोक हसले की मला चढती.

"आरं, त्या जुन्या फिलमला पिवळा काळा दिसायचा, आन् निळा पांढुरका. स्वस्तिक बघ त्यात कसा पुसट दिसतोय."

"फिलमला काय मोतीबिंदू झाला व्हता?"

परत हसले.

"फिनलंडच्या एका माणसाला इचारलंय मी मोबाईलवर. तो बी पिवळाच म्हणतो."

"तो तवा जन्मला व्हता का?"

"तू तरी जन्मला व्हतास का, पेंटर?"

आता लोक माझ्यावर हसले. तापले कान. सुटलं तोंड.

"शेठ, तुमी डबे इकणारे. लेबल वाचायचं आन् डबा फळीवर ठेवायचा. रंग तुमाला काय कळतोय?"

कुणीच हसलं न्हाई. शेठनी माझ्यासाठी एक डबा उघडला व्हता. त्याच्यावर झाकण ठेवलं आन् लाकडाच्या ठोकळ्यानं चारी बाजूंनी ठोकून बसवलं.

"बरं," म्हणाले. "मग तुझा रंग तू बघ."

विमान उचललं आन् आलो. मनात म्हणलं, बघतोच. मंचरला काय रंग मिळत न्हाई? मिळतो. पण तिथं कुणी स्टूल देत न्हाई, कुणी फिनलंडचं वाचून दाखवत न्हाई. डबा घ्या आन् चला. विमान गॅरेजच्या फळीवर, पट्ट्याच्या जागी मास्किंग टेप लावलेली तशीच. मी काळा मारला न्हाई. का मारला न्हाई ते आजून सांगता येत न्हाई. काळा डबा हातात घेतला की शेठचा ठोकळा आठवायचा, आन् मग परत राग.

त्या रागात मी फ्लेक्स केला.

म्हणलं, शेठ दर आठवड्याला पुण्याला जाताना ह्याच रस्त्यानं जातो. बघू दे. विमानाचा तो जुना फोटो पहिल्यापासनं माझ्या मोबाईलवर व्हता. मंचरच्या फ्लेक्सवाल्याला म्हणलं, ह्यो मोठ्ठा कर आन् वर लाल अक्षरात लिही, 'पट्टा काळाच!' तो म्हणाला, "खाली तुमचा फोटो नको का? रिकामं दिसतंय." म्हणलं टाक. त्यानं माझा हात जोडलेला फोटो टाकला. फोटो काळा-पांढरा बघून त्यानं हळूच इचारलं, "खाली 'शोकाकुल' लिहू का?"

मी त्याच्यावर बी भडकलो. पण तो चुकीचा नव्हता. फ्लेक्स गॅरेजवर चढला आन् लोक थांबाया लागले. काळा-पांढरा फोटो, खाली हात जोडलेला मी. एकानं गाडीतनं उतरून माझ्या खांद्यावर हात ठेवला, "लई वाईट झालं भाऊ. पायलट व्हते का?" दुसरा म्हणाला, "पट्टा काळाच, म्हंजी कोणची पार्टी?" सगळ्यांना समजावून सांगता सांगता घसा बसला. आन् शेठ? शेठची गाडी आली, हळू झाली, मी छाती काढून उभा राहिलो. गाडी गेली. हॉर्न बी न्हाई. त्या दिवशी मी एका दाराला चुकीचा रंग मारला.

मग माझी आये आली. गुडघा दाखवायला मंचरला चालली व्हती, वाटेत जीपमधनं उतरली. फ्लेक्सकडं बघून तोंडाला पदर लावला.

"कोण गेलं रं? मला कुणी सांगितलं बी न्हाई."

"कुणी गेलं न्हाई आये. विमान हाय. ह्यो पट्टा काळा हाय, आन् त्यो ओतूरचा शेठ म्हणतोय पिवळा."

"मग तुला कसं कळलं काळा?"

"दिसतंय की फोटोत! काळं दिसतंय म्हंजी काळंच."

आयेनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी ढेकूळ खाताना पकडायची, तसंच.

"आन् घरात टीव्हीच्या वर माझ्या लग्नाचा फोटो हाय, त्यात मी काळं लुगडं नेसलेय व्हय? लग्नात काळं नेसती का कोण, मुडद्या? पिवळं व्हतं माझं. हळदीचं."

ती जीपमधी बसून गेली. मी शटर ओढलं आन् घरी. फोटो खाली उतरवला. जन्मल्यापासनं बघतोय ह्यो फोटो. आयेच्या डोक्याला मुंडावळ्या, बाजूला बाप, आन् आयेच्या अंगावर काळंभोर लुगडं. रंग कळणारा माणूस मी! आख्ख्या जन्मात एकदा बी मनात आलं न्हाई, की नवरीच्या अंगावर काळं कसं? मागं मामा उभा, पांढुरका कोट घालून.

संध्याकाळी आये आली तवा इचारलं, "मामाचा कोट कोणच्या रंगाचा?"

"निळा. दाट निळा. माझ्या लग्नात शिवला आन् त्याच्या लग्नात बी तोच घातला."

"मग तू आधी का न्हाई सांगितलंस ह्ये?"

"तू इचारलंस कवा?"

मला तिचा राग आला, फोटोवाल्याचा आला, त्या फिलमचा आला. सोताचा कवा आला ते कळलंच न्हाई, कारण त्यो आधीपासनंच व्हता. सकाळी फ्लेक्स काढला आन् घरामागं कांद्यावर टाकला. रागात छापलेली बाजू वर राहिली.

आयेचा फोटो टॉवेलात गुंडाळला, विमान पेढ्याच्या खोक्यात, आन् एसटीनं ओतूर. शेठनी मला बघितलं आन् दुसऱ्या गिऱ्हाइकाला टर्पेंटाईन दिलं. मग तिसऱ्याला ब्रश. मी उभाच. मी हरायला आलोय आन् ह्यो माणूस मला हरू बी देईना!

शेवटी म्हणाले, "काय पाहिजे तुमाला?"

तुमाला! इतक्या वर्षांत शेठनी मला अहो-जाहो केलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरी वाटली असती.

मी टॉवेल सोडला आन् फोटो गल्ल्यावर ठेवला. "माझी आये. लग्नातली."

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. लई येळ बघितलं.

"पिवळं?"

"पिवळं."

"आन् हा मागचा कोटवाला?"

"मामा. कोट निळा."

शेठनी मोबाईल काढून विमानाचा फोटो शेजारी धरला. दोघांची डोकी एकमेकाला लागली. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, सुट्टे द्या." शेठ म्हणाले, "थांबा जरा."

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी डबे इकतो."

"इका की. मला एक पिवळा इका."

"कोणचा पिवळा?"

"म्हंजी?"

"लिंबू का हळद? फोटोत दोन्ही काळेच दिसणार."

"हळद. आयेचं हळदीचंच व्हतं."

"फिनलंडच्या विमानाला तुझ्या आईचं लुगडं लावतोस का? मला लिंबू वाटतो."

"तुमचा त्यो न जन्मलेला फिनलंडवाला काय म्हणतो?"

"तो म्हणतो, सांगता येत न्हाई."

"सांगता येत न्हाई म्हंजी काय! सोताच्या देशाचं विमान आन्..." कान परत तापले. शेठनी पायानं स्टूल माझ्याकडं ढकललं.

"बस. आधी बस, मग भांड."

ते विमान आता शेठच्या काउंटरच्या काचेत हाय. डाव्या अंगाला पट्टा हळदी, उजव्या अंगाला लिंबू, कारण कुणीच मागं हटलं न्हाई. मी दुकानात गेलो की शेठनी लिंबाची बाजू बाहेर केलेली असती. मी आधी काच सरकवून विमान फिरवतो, मग रंग मागतो.